रापणीची गोष्ट आधी वाचा

वेंगुर्ला तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी आठ वर्षांची, इंग्रजी माध्यमात तिसरीत, पुढच्या वर्षी तिचं पहिलं कम्युनियन (चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा विधी). मुलगा चार वर्षांचा. नवरा जहाजावर असतो; आता रजेवर आहे, चतुर्थी झाली की आठ-नऊ महिन्यांसाठी जाईल. सासूबाई रोज संध्याकाळी कोकणीत तेर्स (जपमाळेची प्रार्थना) करतात, चर्चमध्ये मुलं मराठी ऐकतात, शाळेत इंग्रजी. नणंदेने मुंबईहून मुलांसाठी जाडजूड इंग्रजी बायबल पाठवलं. त्या लिहितात: "पहिल्या पानापासून सुरुवात केली, दोन आठवड्यांत बंद पडलं. मुलगी कंटाळते, मुलगा क्रुसाचं चित्र बघून रडतो, आणि पावसात पुस्तकाला बुरशी आली ती वेगळीच. कुठली पुस्तकं घेऊ, कुठल्या भाषेत वाचू, किती वेळ? शेजारी गणपती आले की मुलगा विचारतो, आपल्याकडे का येत नाहीत? त्याला काय सांगू?"

प्रिय ताई,

तुमच्या घरी वाचन बंद पडलं ते "पहिल्या पानापासून" सुरू केल्यामुळे. मुलांच्या जाड बायबलात पहिल्या आठवड्यात काय येतं ते आठवून बघा. सृष्टी झाली, लगेच बागेतून हकालपट्टी, मग भावाने भावाचा खून, मग जलप्रलयात सगळं जग बुडालं. येशूचा जन्म पुस्तकाच्या अर्ध्याच्याही पुढे. रोज एक गोष्ट वाचली तरी चार वर्षांच्या मुलाला येशू भेटायला महिने लागतात, आणि तोपर्यंत देव म्हणजे शिक्षा करणारा कोणीतरी, एवढंच त्याच्या मनात उरतं. म्हणून क्रम मोडा. आधी येशूच्या गोष्टी, त्यातही तुमच्या किनाऱ्यावर दिसणाऱ्या. जुना करार, म्हणजे बायबलचा येशूच्या आधीचा भाग, सहा महिन्यांनी उघडलात तरी चालेल.

येशूची कथा सांगणारी चार शुभवर्तमानं बायबलात आहेत: मत्तय, मार्क, लूक, योहान. सुरुवात मत्तयाच्या तेराव्या अध्यायातल्या 47 आणि 48 या दोन छोट्या वचनांनी करा. स्वर्गाचं राज्य समुद्रात टाकलेल्या जाळ्यासारखं आहे. त्यात सगळ्या प्रकारचे जीव येतात. जाळं भरल्यावर माणसं ते किनाऱ्यावर ओढतात, बसतात, चांगलं भांड्यात जमा करतात आणि वाईट फेकून देतात. ही सरळसरळ रापण आहे. होडीने अर्धगोल जाळं सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, दोन्हीकडून माणसं ओढणार, आणि मग वाळूवर बसून वेचणी: बांगडा, तारली, पेडवे एकीकडे, केंड आणि कचरा दुसरीकडे. परदेशातल्या मुलाला हे चित्र काढून दाखवावं लागतं. तुमच्या मुलांना सकाळी वाळूवर नेऊन दाखवता येईल. आधी रापण बघा, मुलाला ओल्या दोराला हात लावू द्या, आणि त्याच रात्री ही वचनं वाचा.

मुलगी एक प्रश्न नक्की विचारेल: वाईट मासे कुठले? उत्तर लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात आहे. ज्याला पंख आणि खवले आहेत तोच मासा खायचा, असा यहुदी लोकांचा नियम होता. म्हणजे कोलंबी नाही, खेकडा नाही, मोरीसुद्धा (छोटा शार्क) नाही. कोकणातलं मूल यावर गप्प बसणार नाही, आणि बसूही नये. मग मार्कचा सातवा अध्याय दाखवा: माणसाच्या पोटात जाणारं त्याला अपवित्र करत नाही, मनातून बाहेर येतं ते करतं, असं येशू सांगतो. एका रापणीतून दोन आठवड्यांचं वाचन निघतं.

त्यानंतर लूकचा पाचवा अध्याय घ्या. रात्रभर मासळी नाही, सकाळी जाळी धुताहेत, आणि येशू म्हणतो खोल पाण्यात चला. जाळी का धुवायची हे मुलांना सांगा: तेव्हाची जाळी नायलॉनची नव्हती, सुताची होती, धुवून वाळवली नाहीत तर कुजायची. एक दुरुस्ती मात्र आधीच करून ठेवा. बायबलात 'गालील समुद्र' असं नाव येतं म्हणून मुलं आपला समुद्र डोळ्यांसमोर आणतात. ते गोड्या पाण्याचं सरोवर आहे, साधारण 21 किलोमीटर लांब, जास्तीत जास्त 13 किलोमीटर रुंद, आणि समुद्रसपाटीच्या सुमारे 210 मीटर खाली. भोवती डोंगर असल्याने वारा अचानक खाली कोसळतो. येशूने वादळ शांत केल्याची गोष्ट वाचताना हे माहीत असलं की शिष्य एवढे का घाबरले ते कळतं. 1986 मध्ये दुष्काळाने त्या सरोवराचं पाणी ओसरलं तेव्हा चिखलात साधारण येशूच्या काळातली एक होडी सापडली, 8.27 मीटर लांब आणि 2.3 मीटर रुंद. सुंभाने अंगणात तेवढी होडी आखा, मुलांना आत बसवा, शेजारची मुलं बोलवा, येशू आणि बारा शिष्य असे तेरा जणं मावतात का बघा. चार वर्षांच्या मुलाला वादळाची गोष्ट सांगायला याहून चांगलं चित्र कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

मेंढपाळाच्या गोष्टी नंतर घ्या. कोकणातल्या मुलाने मेंढरांचा कळप क्वचितच पाहिलेला असतो.

आता भाषेचं. तुमच्या घरात तीन भाषा आहेत आणि तिन्हींना काम आहे, फक्त कामं वेगळी ठेवा. गोष्ट सांगायची ती घरात भांडता, हसता, मासे सोलता त्या बोलीत. वाचायची मराठीत, कारण चर्चमध्ये तेच शब्द कानावर पडणार आहेत. इंग्रजी पुस्तक मुलीने स्वतः वाचण्यासाठी असू दे. इंग्रजीतलं वाक्य वाचून मनातल्या मनात मराठी करत सांगू नका. आवाज अडखळतो आणि मुलं आवाजावरच तर ऐकतात. येशूला बघायला झाडावर चढणाऱ्या बुटक्या जक्कयाची गोष्ट घ्या, लूकचा एकोणिसावा अध्याय. इंग्रजी पुस्तकात तो 'सिकमोर'वर चढतो आणि चित्रात कुठलंतरी परकं झाड असतं. मराठी बायबलात तो उंबरावर चढतो. ते झाड आपल्या उंबराचं जवळचं भावंड आहे, त्यालाही फळं खोडाला आणि जाड फांद्यांना लगडतात. परसात उंबर असेल तर ही गोष्ट त्याच्याखाली सांगा.

श्रद्धेची भाषा इंग्रजीच, मराठी म्हणजे गरीब सोय, असा समज आपल्याकडे वाढतोय, तो खरा नाही. याच किनाऱ्यावर, गोव्यात, फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत लिहिली आणि 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापलं गेलं. जन्माने इंग्रज असलेल्या या माणसाने फुलांमध्ये मोगरा तशी भाषांमध्ये मराठी, असं म्हटलं. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं साध्या बायकांना कळेल असं मराठी बायबल करण्यात घालवली. रेव्हरंड ना. वा. टिळक 1861 मध्ये कोकणातच, रत्नागिरी जिल्ह्यात जन्मले, आणि त्यांची भजनं आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात. नाताळच्या आठवड्यात ख्रिस्तपुराणातल्या जन्मकथेच्या चार ओव्या चालीवर म्हणा. शब्द जुने आहेत, निम्मे मुलांना कळणार नाहीत. पण ताल कळतो, आणि सासूबाईंना त्यातले बरेच शब्द ओळखीचे वाटतील.

पुस्तकं चार पुरेत. मुलासाठी जाड पुठ्ठ्याच्या पानांचं, एकाच गोष्टीचं, दहा ते सोळा पानी पुस्तक, पानावर एक किंवा दोन ओळी. मुलीसाठी निवडक गोष्टींचं सचित्र बायबल, एक गोष्ट दोन ते चार पानांत संपणारी. तुमच्यासाठी मोठ्यांचं मराठी बायबल. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आजच्या मराठीत आहे आणि मोठ्याने वाचायला सोपं जातं. हे पुस्तक तपासणीचं: मुलांच्या पुस्तकातली गोष्ट आदल्या दिवशी यात वाचायची. चौथं म्हणजे पॅरिशमध्ये (तुमच्या गावच्या चर्चमध्ये) वापरतात ते प्रार्थना आणि गीतांचं पुस्तक. याशिवाय शंभर पानी कोरी वही, मुलांनी चित्रं काढायला. बायबल सोसायटी ऑफ इंडियाकडे एकेका शुभवर्तमानाच्या पातळ पुस्तिकाही मिळतात. मुलीच्या हातात पूर्ण बायबल देण्याआधी मार्कची पुस्तिका द्या. सोळा अध्याय, चारांत सर्वांत छोटं शुभवर्तमान, आणि गोष्ट सतत पुढे धावते. मुंबईला कोणी जाणार असेल तर वांद्र्याला सेंट पॉल्स आणि पॉलिन सिस्टर्स यांची दुकानं आहेत. मराठीसाठी वसईचं 'सुवार्ता' मासिक घरी येऊ द्या. त्यात नव्या मराठी पुस्तकांची माहिती कळत राहते.

दुकानात पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठावर भाळू नका. शीर्षकाच्या मागचं पान बघा. कॅथलिक पुस्तकावर तिथे 'निहिल ऑब्स्टॅट' आणि 'इम्प्रिमातुर' असे दोन शब्द असतील तर ते चर्चच्या अधिकाऱ्यांनी तपासलेलं आहे. नसतील म्हणजे पुस्तक वाईट असं नाही, तपासणी तुम्हाला करावी लागेल एवढंच. मग पुनरुत्थानाचं पान उघडा. हे सर्वांत महत्त्वाचं. थडगं रिकामं होतं आणि येशू उठला, हे स्पष्ट लिहिलंय का? काही गोडगोड पुस्तकांत तो मित्रांच्या आठवणीत जिवंत राहिला असं गुळमुळीत लिहिलेलं असतं. असं पुस्तक परत ठेवा. त्यानंतर क्रुसाचं पान. "यहुद्यांनी मारलं" असं सरसकट लिहिलं असेल तर तेही परत ठेवा. सगळ्या यहुदी लोकांवर तो दोष टाकता येत नाही असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1965 मध्येच स्पष्ट केलं आहे. शिवाय येशू, मरिया, शिष्य सगळेच यहुदी होते.

बाकीच्या चुका छोट्या आहेत, पण मुलीबरोबर शोधायला मजा येते. एदेन बागेतलं फळ सफरचंद होतं असं बायबल म्हणत नाही. योनाला गिळणारा 'मोठा मासा' होता. ज्ञानी पुरुष तीन होते असं मत्तय सांगत नाही, दानं तीन होती. ते राजे होते असंही नाही. आणि ते आले तेव्हा बाळ गोठ्यात नव्हे तर घरात होतं. बेथलेहेमच्या वाटेवर गाढव होतं असं लूकने कुठेच लिहिलेलं नाही. यासाठी पुस्तक नाकारू नका. मुलीला म्हणा, "चित्रात काय आहे आणि बायबलात काय आहे, बघूया." आठ वर्षांच्या मुलीला मोठ्यांच्या पुस्तकातली चूक पकडायला दिली की कंटाळा कुठल्या कुठे पळतो.

इंग्रजी पुस्तकं बहुतेक वेळा प्रोटेस्टंट प्रकाशकांची असतात. त्यांत वाईट काही नाही, मात्र तीन फरक माहीत हवेत, नाहीतर मुलगी धर्मशिक्षणाच्या वर्गात गोंधळते. दहा आज्ञांची मोजणी वेगळी आहे: "आईबापांचा मान राख" ही कॅथलिक मोजणीत चौथी, बहुतेक प्रोटेस्टंट पुस्तकांत पाचवी. आज्ञा त्याच, विभागणी वेगळी. प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटी त्यांच्याकडे "राज्य, सामर्थ्य, गौरव" ही ओळ जोडून म्हणतात. सासूबाईंच्या कोकणीतल्या 'आमच्या बापा'त ती नाही. आणि त्यांच्या बायबलात 66 पुस्तकं, आपल्यात 73.

त्या जास्तीच्या सात पुस्तकांतच तोबीतची गोष्ट आहे, म्हणून ती मुलांच्या इंग्रजी बायबलात सहसा सापडत नाही. मुलांसाठी इतकी छान गोष्ट अख्ख्या जुन्या करारात शोधून मिळायची नाही. आंधळा झालेला बाप, प्रवासाला निघालेला मुलगा, वाटेत सोबत करणारा अनोळखी माणूस जो खरं तर देवदूत राफाएल आहे, आणि मागोमाग चालणारा कुत्रा. तिग्रीस नदीत मोठा मासा मुलाच्या अंगावर येतो. देवदूत म्हणतो, पकड, चीर, आणि पित्त, काळीज, यकृत जपून ठेव. शेवटी त्या पित्तानेच बापाचे डोळे उघडतात. मासा साफ करताना पित्त फुटू नये म्हणून तुमची सुरी कशी हळू चालते ते तुमच्या मुलांनी शंभर वेळा पाहिलंय. पुढच्या वेळी मोठा मासा आणाल तेव्हा ती हिरवी पिशवी त्यांना दाखवा आणि गोष्ट सांगा. मोठ्यांच्या बायबलातून आधी वाचून घ्या. त्या मुलाची पुढे बायको होणाऱ्या साराच्या आधीच्या सात नवऱ्यांचा भाग मुलाला सांगायची गरज नाही.

वेळ. मुलासाठी पाच-सहा मिनिटं, मुलीसाठी दहा-बारा. आठवड्यातून पाच दिवस. तेर्स संपल्यावर, जेवणाआधी. जेवणानंतर धरलात तर मुलगा झोपेल आणि चिडचिड होईल. तेर्सातच गोष्ट कोंबू नका, आजीची प्रार्थना आजीच्या पद्धतीने होऊ दे. एक गोष्ट तीन रात्री चालवा. पहिल्या रात्री पुस्तक बंद ठेवून तुम्ही सांगायची. दुसऱ्या रात्री पुस्तक उघडून वाचायची, चित्रावर बोट ठेवत. तिसऱ्या रात्री मुलांनी सांगायची. मुलाने पेत्राच्या (येशूच्या कोळी शिष्याच्या) होडीत इंजिन बसवलं तर बसवू दे, टोकू नका. तीच गोष्ट चौथ्यांदा मागितली तर चौथ्यांदा सांगा. लहान मुलं अशीच शिकतात, कंटाळा मोठ्यांना येतो.

गोष्ट संपल्यावर "यातून काय शिकलीस?" हा प्रश्न मात्र विचारू नका. तो परीक्षेचा प्रश्न आहे. मूल तुम्हाला हवं ते उत्तर शोधू लागतं, आणि येशूच्या प्रत्येक गोष्टीचं तात्पर्य "आईचं ऐकावं" असं निघू लागतं. त्याऐवजी विचारा: तू तिथे असतीस तर कुठे उभी राहिली असतीस? कोणाची दया आली? एक प्रश्न पुरे. उत्तर आलं नाही तर पुस्तक मिटा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका. त्याने वाचनाची शिक्षा होते. आणि "देव बघतोय हां, शिक्षा करील" हे भात संपवण्यासाठी वापरणं घरातल्या सगळ्यांनी थांबवा, आजीनेसुद्धा. गोड शब्दांत, पण सांगा.

मुलाच्या रडण्यावरून क्रूस लपवू नका. तुमच्या भिंतीवर क्रूस आहे, चर्चमध्ये आहे, गावच्या वाटेवरही असेल. त्याला भीती वाटते कारण चित्र दिसतं आणि गोष्ट अर्धवट राहते. दोन वाक्यांत सांगा: "काही लोकांनी येशूला खूप दुखवलं आणि तो मेला. तिसऱ्या दिवशी देवाने त्याला उठवलं, आणि आता तो कधीच मरणार नाही." पान उलटून रिकामं थडगं त्याच बैठकीत दाखवा. क्रुसाच्या पानावर पुस्तक कधीही मिटू नका. उरलेलं उद्या, हे या एका गोष्टीत चालत नाही. खिळे, काटे, रक्त यांचं वर्णन या वयात नको. पुस्तकातलं चित्र फारच उग्र असेल तर त्यावर कागद चिकटवू नका, मुलं तो काढून बघतात. दुसरं पुस्तक वापरा. अब्राहाम आपल्या मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला निघतो ती वेदीवरची गोष्ट मुलापुढे इतक्यात नको. चार वर्षांच्या मुलाला त्यातून एवढंच ऐकू येतं की बाबा मला मारू शकतात. मुलीलाही ती तुम्ही शेजारी बसून वाचाल तेव्हाच.

मुलीच्या कम्युनियनची तयारी पॅरिश करून घेईलच, प्रश्नोत्तरं तिथे पाठ होतील. घरी तुम्ही तीन गोष्टी वाचा आणि पुन्हा पुन्हा वाचा. पहिली पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची, योहानच्या सहाव्या अध्यायातून, कारण भाकरी देणारा तो मुलगा फक्त योहानच्याच शुभवर्तमानात आहे आणि त्या भाकरी जवाच्या, गरिबाच्या होत्या. दुसरी शेवटच्या भोजनाची, लूकच्या बाविसाव्या अध्यायातली. तिसरी अम्माऊस गावाच्या वाटेवरची, लूक चोवीस: दोघं शिष्य वाटेने उठलेल्या येशूबरोबर चालले, ओळखलं नाही, आणि भाकर मोडताच ओळखलं. त्या दिवशी घरी तांदळाची भाकरी करा आणि मुलीला स्वतःच्या हाताने मोडून सगळ्यांना वाढायला सांगा. लूकचे अध्याय बरोबर 24 आहेत, म्हणून 1 डिसेंबरपासून रोज एका अध्यायातला एक प्रसंग वाचला तर नाताळच्या आदल्या रात्री अम्माऊसला पोहोचता. पूर्ण अध्याय वाचायचा हट्ट धरू नका. पहिल्याच अध्यायात 80 वचनं आहेत, तिथेच दम लागेल. जन्माची गोष्ट 24 च्या रात्री पुन्हा वाचा.

गणपतीचा प्रश्न. चार वर्षांच्या मुलाला खरं आणि छोटं उत्तर द्या: "गणपती त्यांच्या घरचा सण आहे. आपल्या घरी आपण येशूची प्रार्थना करतो, आपला सण नाताळ." एवढं बास. शेजाऱ्यांच्या श्रद्धेला नावं ठेवून मुलाची श्रद्धा पक्की होत नाही. यहुदी लोकांविषयी वर सांगितलं ते 1965 च्या ज्या दस्तऐवजात आहे, त्याच 'नोस्त्रा एताते'मध्ये चर्चने म्हटलं आहे की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही. जुन्या मराठी ख्रिस्ती बालपुस्तकांत शेजाऱ्यांसाठी 'मूर्तिपूजक', 'अंधारातले लोक' असे शब्द भेटतात. वाचताना ते गाळा. मुलगा तो शब्द दुसऱ्या दिवशी अंगणात उच्चारेल, आणि तुमचं घर त्याच वाडीत आहे. आरतीला जायचं का, प्रसाद घ्यायचा का, यावर घराघरांत वेगवेगळं मत असतं. तुम्ही, नवरा आणि सासूबाई मिळून चतुर्थीच्या आधी ठरवा, फादरना विचारा, आणि मुलांना एका वाक्यात सांगून ठेवा. शेजाऱ्याच्या ओट्यावर उभं राहून हा वाद नको. नेवऱ्या (करंज्या) दोन्ही सणांना होतात. चतुर्थीला त्यांच्याकडून येतात तर नाताळला तुमच्याकडून त्यांच्याकडे जाऊ देत, दोदोल आणि कुळकुळांसोबत, ताट मुलांच्या हातात.

बुरशी आलेलं बायबल टाकू नका. आधी घराबाहेर पण सावलीत, वाऱ्यावर, पानं पंख्यासारखी उघडून उभं ठेवा. ओल्या बुरशीवर हात फिरवला तर ती कागदात मुरते; पूर्ण सुकू द्या, मगच नाकाला फडकं बांधून मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झटका. ओलं फडकं लावू नका. कडक उन्हात टाकलं तर पुठ्ठा वाकतो आणि डिंक सुटतो. गुळगुळीत चित्रांच्या पानांची गोष्ट वेगळी आहे: ती भिजली तर लगेच, ओली असतानाच, प्रत्येक दोन पानांत कोरा कागद घाला. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. एकदा चिकटून वाळली की ती पानं सुटत नाहीत, ओढलीत तर चित्रच निघून येतं. जूनपासून पुस्तकं बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे घेऊ नका, त्यांत कोबाल्ट असतं आणि मुलं तोंडात घालतात. पांढरे घ्या, आणि तेही मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे. डांबराच्या गोळ्या मुलांच्या पुस्तकांत कधीच नकोत. कडुनिंबाचा पाला घालायचा तर खडखडीत वाळवून; हिरवा पाला डब्यात ओलच नेतो.

सर्वांत घाईचं काम नवऱ्याचं आहे, कारण तो चतुर्थीनंतर निघतोय. जाण्याआधी त्याच्या आवाजात सात गोष्टी फोनवर रेकॉर्ड करून घ्या, प्रत्येक चार मिनिटांच्या आत. रात्री, पंखा बंद करून. कौलांवर पाऊस वाजत असेल त्या दिवशी नको. पुस्तक हातात धरून वाचायचं, आणि पान उलटताना "आता पान उलट" असं म्हणायचं, म्हणजे मुलगा इकडे तेच पुस्तक धरून त्याच्याबरोबर पानं उलटेल. सुरुवातीला दोघांची नावं घ्यायची. वादळाची गोष्ट त्यानेच सांगावी. दर्यावर वारा उठतो तेव्हा काय होतं हे त्याच्याइतकं घरात कोणाला माहीत आहे? आठवड्याला एक गोष्ट, शनिवारी. तिसऱ्या रात्री मुलं गोष्ट परत सांगतात ती तुम्ही रेकॉर्ड करा, मागे आजीचा तेर्स ऐकू आला तर येऊ दे, आणि जहाजाला नेटवर्क मिळेल तेव्हा पोहोचेल अशी पाठवून द्या.